जुनी एमएक्स-५ घरासमोर दुरुस्त करताना : कॉइलओव्हरच्या आधी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडात लेस्टरला राहता, गेल्या महिन्यात २००२ ची माझदा एमएक्स-५ घेतलीत, ही दोन सीटची, कापडी छपराची छोटी स्पोर्ट्स गाडी. १.८ इंजिन, पाच गिअर, ९१ हजार मैल. गॅरेज नाही, पण घरापुढे ड्राइव्हवे आहे. पुण्यात असताना बुलेटचं ऑइल, चेन, ब्रेक लायनर स्वतः करायचात, त्यामुळे पान्याची भीती नाही. पंधराशे पौंड बाजूला काढलेत आणि कॉइलओव्हर (गाडीची उंची कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी), एक्झॉस्ट, इंटेक (इंजिनात हवा नेणारी नळी), मोठे ब्रेक यांतलं आधी काय घ्यावं असं विचारलंय. अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ टाकलीय : ओल्या राउंडअबाउटवर मागचा भाग जरा सटकतो, गाडी किंचित डावीकडे ओढते, पण वीस वर्षांच्या गाडीत एवढं चालायचंच.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे. वरची यादी तिच्यानंतर.

मी मूळचा कोल्हापूरचा, शाळेच्या सुट्ट्या उद्यमनगरात मामाच्या लेथवर काढलेल्या. कॉव्हेंट्रीत अठरा वर्षं झाली. पहिली एमएक्स-५ १९९१ ची १.६ होती, ती डोळे मिचकावणाऱ्या दिव्यांची. तिला गंजाने नेलं. त्यानंतर अकरा वर्षं २००१ ची १.८ वापरतोय, म्हणजे तुमच्याच पिढीची, जिला सगळे एनबी म्हणतात. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, पण क्लच बदलण्यापर्यंतची सगळी कामं उघड्या ड्राइव्हवेवर, इथल्या पावसात केलीत. चुकाही भरपूर केल्यात, त्यातल्या काही खाली येतीलच.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर आणि तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. गाडी आधी कुठे होती, हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यांवर चालवली की झाकून ठेवली, तुमचा ड्राइव्हवे सपाट आहे की उताराचा, ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे का, आणि तुम्हाला पुढे शर्यतीच्या ट्रॅकवर जायचंय की रविवारी पीक डिस्ट्रिक्टला फिरायचंय. मी रस्त्यावरची गाडी धरून लिहितोय. ट्रॅकचं गणित वेगळं.

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. तोशिहिको हिराई यांच्या टीमने तिच्यात ताकद कमीच ठेवली होती. सगळा जीव वजन कमी ठेवण्यात आणि ते दोन्ही आसांच्या मध्ये आणण्यात ओतला. तुमची एनबी साधारण साडेदहाशे किलोची. आजची साधी हॅचबॅकसुद्धा त्याहून जड असते. चारी चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन दांड्यांवर चाक धरणारं सस्पेन्शन), इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलेलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब अॅल्युमिनियमच्या फ्रेमने एकमेकांना बांधलेले. हे सगळं कशासाठी, तर चाकाखाली काय चाललंय ते तुमच्या बुडाला आणि हाताला कळावं म्हणून. त्याची दुसरी बाजू अशी की टायर जुना झाला, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) सैल झालं, कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला, तर तेही तितकंच कळतं. जड गाडीत जे खपून जातं ते इथे बोंबलत बाहेर येतं. तुमची गाडी तेच करतेय.

मग त्या ओळीपासूनच सुरुवात करू.

आधी टायर. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपाशी शेवटचे चार आकडे बघा. ३११५ असेल तर तो टायर २०१५ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलाय. या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार मैल चालतात, त्यामुळे नक्षी छान दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. एमओटीवाला (इथली गाडीची वार्षिक तपासणी करणारा) नक्षीची खोली मोजतो, वयासाठी नापास करत नाही. मी गाडी घेतली तेव्हा मागच्या टायरवर सहा मिलिमीटर नक्षी होती आणि वय दहा वर्षं. नख रुतत नव्हतं. ओल्यात ती गाडी साबणावर उभी असल्यासारखी वागायची, आणि मी दोन महिने स्वतःच्या ड्रायव्हिंगला दोष देत होतो.

त्याचबरोबर हवा. माझ्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर २६ पीएसआय लिहिलंय. तुमच्या दारावरचं वाचा, पण तेही तेवढंच असणार. टायरवाले सवयीने ३२-३४ भरतात, कारण त्यांच्याकडे दिवसभर येणाऱ्या गाड्यांना तेवढी लागते. एवढ्या हलक्या गाडीत ३४ भरली की टायर मध्यावरच टेकतो. हे फुकटचं काम आहे. आजच करा, आणि सकाळी टायर थंड असताना मोजा.

आता डावीकडे ओढणं. इथले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच, कडेला उतरते असतात. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे हात सोडला तर गाडी थोडी डावीकडे जाणारच. त्यामुळे आधी सपाट जागी, रविवारी पहाटे सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवून बघा. तिथेही ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उजवीकडे गेली तर टायरचा दोष. तशीच राहिली तर कॅलिपर नाहीतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. (एका दिशेचे टायर असतील, बाजूला बाण असतो, तर ही अदलाबदल फक्त या चाचणीपुरती.)

कॅलिपरसाठी मी असं करतो : पंधरा मिनिटं गाडी चालवायची, शेवटचा अर्धा-पाऊण मैल ब्रेकला जवळजवळ पाय न लावता गिअरवर हळू करत आणायची आणि थांबल्याबरोबर चारी चाकांच्या मध्याजवळ तळहात न्यायचा. टेकवायचा नाही, भाजेल. तव्याची वाफ बघतो तसं. चारांपैकी एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे पॅड डिस्कला घासत बसलाय. इंग्लंडातल्या एनबीत हे सर्रास होतं, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मिठाने आणि ओलीने जाम होतात. पिना काढून, पुसून, रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लावून परत घालायच्या. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलंत तर पिनांची रबरी टोपणं फुगतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मागच्या कॅलिपरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवखा माणूस हमखास इथेच फसतो. पुढचा पिस्टन क्लॅम्प लावून दाबला की गुमान आत जातो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आहे, तिथला पिस्टन आतल्या एका स्क्रूच्या जोडणीवर बसलेला असतो. तो दाबून जात नाही. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या गाडीचे मागचे पॅड बदलताना क्लॅम्प लावला, जाईना म्हणून दांड्याला पाइप घालून आणखी आवळला, आणि आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. त्या दिवशी वीस पौंडांच्या पॅडसाठी एक कॅलिपर गेला.

बरोबर पद्धत सोपी आहे. हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या मागे, केबल जिथे जोडलीय त्याच्या जवळ, १४ च्या डोक्याचा एक बोल्ट दिसेल. तो नुसतं झाकण आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरची अॅलन की बसते. ती उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो, सुलटी फिरवली की पुढे येतो. नवे पॅड बसवून झाले की चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत सुलटी फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे, अगदी बारीक घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. मग झाकणाचा बोल्ट परत. हँडब्रेक चार-पाच खाचा वर येत असेल तर तुमचं काम नीट झालं. पुष्कळ लोक हँडब्रेक सैल झाला म्हणून आत केबल आवळत बसतात. खरं दुखणं इथे मागे असतं.

टायर आणि कॅलिपर यांत काही सापडलं नाही, किंवा सापडून दुरुस्त केल्यावरही मागचा भाग अस्वस्थ वाटला, तर अलाइनमेंट. इथे 'ट्रॅकिंग' या नावाखाली स्वस्तात जे करून देतात त्यात फक्त पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते, बघतात. आपल्या गाडीला मागेही टो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही लावता येतात. चार कोपऱ्यांत मिळून आठ एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की कोन बदलणारे) आहेत, त्यांच्या चकत्यांवर खुणा असतात. मागच्या चाकांचा टो बाहेरच्या बाजूला गेला असेल तर ओल्या राउंडअबाउटवर गाडी नेमकी तुम्ही लिहिलंय तशीच वागते.

अडचण अशी की हे आठ बोल्ट वीस वर्षांत कुणी हलवलेले नसतात. बुशच्या आत लोखंडी नळी असते, ती बोल्टला गंजून चिकटते. नट सुटतो, बोल्ट मात्र फिरत नाही, आणि जोर केलात तर बुशचं रबर पिळवटून फाटतं. अलाइनमेंटवाला तुमचे पैसे घेऊन 'सीज्ड, अॅडजस्ट करता आलं नाही' असा कागद हातात देतो. त्याचीही चूक नाही, तासाभराच्या कामात तो बोल्टशी कुस्ती खेळणार नाही. म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी दोन आठवडे रोज संध्याकाळी त्या आठ जागी पेनिट्रेटिंग ऑइल मारा, वायर ब्रशने आटे साफ करा, चकतीची आत्ताची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा आणि नट सैल करून बोल्ट थोडासा पुढे-मागे हलतो का बघा. माझ्या गाडीचे सहा असे सुटले. सातव्याला तीन संध्याकाळी लागल्या. आठवा करवतीने कापला, नवा बोल्ट आणि नवं बुश घातलं. त्या आठव्यापायी मी ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून शेजारच्या आजींनी चहा आणून दिला होता.

आता गंज. हा भाग मी दुसऱ्या नंबरला लिहितोय, पण पैसे खर्च करण्याच्या दृष्टीने हा पहिला. गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवर तिचा एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. नापासाची कारणं सगळेच वाचतात. तुम्ही अॅडव्हायझरी, म्हणजे पास करतानाही दिलेले इशारे, वाचा. पाच-सहा वर्षं ओळीने 'कोरोडेड' (गंजलेलं) हा शब्द येतोय आणि मग एकाएकी गायब झालाय, तर एकतर वेल्डिंग झालंय नाहीतर कुणी अंडरसीलचा काळा रंग थापलाय. कुठलं ते खाली जाऊन बघायचं.

एनबीत दोन जागा मुख्य. एक, मागच्या चाकांपुढचे सिलचे, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीचे, कोपरे. दोन, पुढच्या चासिसचे दोन दांडे, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारा दांडा) बसतो त्याच्या आसपास. तिथे पत्रा दुहेरी आहे, मध्ये पाणी आणि चिखल साचतो आणि तो आतून कुजत येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जातो. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला भद्द वाजतो, माठ घेताना वाजवून बघतो तसं. जिथे आवाज बदलतो तिथे थांबा. हे दांडे कुजलेले निघाले तर तुमचे पंधराशे तिथेच जातील, आणि जाऊ द्यावेत. ते काम स्वतः करायचं नाही. भार घेणाऱ्या पत्र्याचं वेल्डिंग शिकायला ही गाडी योग्य नव्हे.

सिल का कुजतात याचं कारण वर आहे. कापडी छपराचं पाणी मागच्या पन्हाळीत जमतं आणि सीट बेल्टच्या खांबांजवळच्या दोन भोकांतून नळीने खाली जातं. त्या भोकांत पानं, धूळ, छपराचे धागे बसतात. पाणी तुंबलं की ते सिलमध्ये किंवा सीटमागच्या गालिच्याखाली शिरतं. छप्पर अर्धं उघडा, पन्हाळीत हळूहळू लिटरभर पाणी ओता आणि बघा. मागच्या चाकापुढे गाडीखालून धार लागली तर ठीक. नाही लागली तर लवचिक प्लास्टिकची बारीक नळी सावकाश घालून मोकळं करा. लोखंडी तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. मग पाणी कायमचं सिलमध्ये. माझी पहिली गाडी अशीच गेली. मी तिला एक्झॉस्ट बसवत होतो आणि ती आतून सडत होती.

खाली जाण्याआधी जॅकबद्दल. पुढे क्रॉसमेंबरच्या मध्यावर, मागे डिफरन्शियलच्या पोटाखाली जॅक लावा. घोड्या (अॅक्सल स्टँड) सिलच्या कडेला, जिथे दोन खाचा आहेत तिथे, रबराचा तुकडा ठेवून. गाडीखाली लांब जाणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या भक्कम दिसतात, पण जॅकखाली पापडासारख्या चेपतात. ती अॅल्युमिनियमची लांब फ्रेम, तिलाही जॅक नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि ड्राइव्हवे उताराचा असेल तर मागची चाकं उचलण्याआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावायचे, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांवर आहे. घोड्यांवर चढवली की गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

हत्यारं फार लागत नाहीत. ही जपानी गाडी, बहुतेक काम १०, १२, १४, १७ या पान्यांत होतं. चाकांना २१. तेरा नंबरचा पाना माझ्या पेटीत नवाकोरा आहे. सॉकेट सहा कोनांचे घ्या, बारा कोनांचे गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतात. एक टॉर्क रेंच मात्र हवाच. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, मी १०५ ला लावतो. टॉर्क रेंचचा खरा उपयोग लहान बोल्टला होतो. इंजिनाच्या वरच्या कॅम कव्हरच्या बोल्टना जास्तीत जास्त नऊच्या आत आवळायचं असतं. ते गळतं म्हणून मी एकदा हाताच्या अंदाजाने आवळलं आणि बोल्टचं डोकं सॉकेटमध्ये निघून आलं. बुलेटचा हात इथे विसरायचा. स्पार्क प्लगसाठी रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या मागच्या टोकाला बसवून त्याने फिरवत घाला. आटा तिरका लागला तर नळी घसरते, अॅल्युमिनियमचा हेड वाचतो. आणि सुटे बोल्ट ठेवायला आईचा जुना मिसळणाचा डबा आहे माझ्याकडे. सात वाट्या, सात जागचे बोल्ट, वर झाकण. याहून चांगली वस्तू कुठल्या हत्यारांच्या दुकानात मिळाली नाही.

तेलांचा एक शनिवार ठेवा. इंजिन ऑइल तुम्हाला येतंच. फक्त फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा अडचणीत आहे की पहिल्यांदा कोपर सोलवटणार. गिअरबॉक्सला सुमारे दोन लिटर ७५डब्ल्यू-९० लागतं, डब्यावर जीएल-४ बघून घ्या. डिफरन्शियलला लिटरभर जीएल-५. मी हे दोन डबे वेगळे ठेवतो, कारण काही जीएल-५ तेलांतली गंधकाची द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांच्या) मुळावर येतात. गाडी चारी बाजूंनी सपाट उचललेली हवी. आणि खालचा प्लग उघडण्याआधी वरचा, भरायचा प्लग सुटतो की नाही ते बघा. वरचा जाम असताना खालून तेल सोडलंत तर गाडी तिथेच बसून राहील. भरताना गाडीखाली बाटल्यांशी झटापट करण्यापेक्षा बोनेटमधून लांब नळी खाली सोडा, वर नरसाळं लावा. भरायच्या भोकातून तेल परत वाहायला लागलं की झालं. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडत पडत असेल तर या एका कामाने फरक कळेल.

ब्रेक ऑइल डीओटी ४, दर दोन वर्षांनी. हवा काढायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे बायको पेडलवर आणि मी चाकापाशी, 'दाब… धर… सोड' असं चालतं. मी हवा काढायचं निपल बंद करायच्या आत तिने सोडलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि मग दोघांचाही आवाज चढतो. तिथे असतानाच क्लच स्लेव्ह सिलिंडरची (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा तो) रबरी टोपी मागे करून आत ओल आहे का बघा. ओल असेल तर तो बदलायचाच. या गाडीत तो न सांगता जातो आणि एके दिवशी सिग्नलला पेडल तळाला लागतं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तीही आता फुटायची वाट बघतेय.

टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांचा. तुमच्याकडे बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. सोबत वॉटर पंप आणि पुली. तुम्ही स्वतः करू शकाल, पण पहिल्या वर्षी नको. आधी ब्रेक आणि तेलं करून या गाडीचा हात बसू दे. यंदा करायची वेळ आलीच असेल तर एखाद्या माहितगार माणसाला शेजारी उभं करून करा. आणि एसीच्या गॅसला हात लावू नका, त्याला इथे परवाना लागतो.

आता तुमची मूळ यादी.

एक्झॉस्ट आणि इंटेक : आवाज मिळतो. आवाज हवा असेल तर जरूर घ्या, मलाही आवडतो. वेगासाठी घेत असाल तर निराश व्हाल.

मोठे ब्रेक : तुमच्या १.८ ला पुढे २५५ मिलिमीटरच्या डिस्क असतील, स्पोर्टवाल्यांना २७० च्या असतात. रस्त्यावर जोरात दाबल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस लागत असेल तर ब्रेकमध्ये ताकद भरपूर आहे, कमी पडतोय तो टायर. मोठी डिस्क तापमान सांभाळते, म्हणजे ट्रॅकवर सलग वीस मिनिटं ब्रेक मारणाऱ्याला ती लागते. तुम्हाला नवं ऑइल, मोकळ्या पिना आणि बरे पॅड पुरतील.

कॉइलओव्हर : इथे मी जरा कडक बोलतो. या गाडीत चाकाला वर यायला मुळातच जागा कमी आहे. स्वस्त कॉइलओव्हर लावून ती दोन इंच खाली बसवली की वळणावर बंप स्टॉप (चाकाचं वर येणं शेवटी अडवणारा रबर) टेकतो, आणि टेकला की तो कोपरा एकदम दगड होतो. ओल्या राउंडअबाउटवर मागच्या चाकाच्या बाबतीत हे झालं तर आत्ताचं सटकणं तुम्हाला गोड वाटेल. जुने शॉकअप गळत असतील तर मूळ स्प्रिंगवर चांगल्या प्रतीचे शॉकअप, नवे बंप स्टॉप आणि अँटी-रोल बारच्या नव्या ड्रॉप लिंक (जोडदांड्या) घाला. हे करताना तेच गंजके लांब बोल्ट पुन्हा भेटतील, म्हणून अलाइनमेंट याच्यानंतर करायची. शॉकअप बदलणार असाल तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा घालवू नका.

चाकं मोठी करू नका. पंधरा इंची हलकी चाकं या गाडीला शोभतात. सतरा इंची लावून चाकाला चार किलो वाढवलेत तर गाडीच्या ज्या गुणासाठी ती घेतली तोच विकलात.

टर्बोचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्षभरात विचाराल. हे इंजिन मूळ आडवं बसणाऱ्या गाड्यांसाठीचं. उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला, पाणी पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं, त्यामुळे मागचं चौथं सिलिंडर गरम राहतं. मूळ ताकदीवर त्याने काही बिघडत नाही. ताकद वाढवायची तर आधी पाण्याची वाट बदलावी लागते, मग क्लच, मग बाकीचं. तो एक वेगळा छंद आहे, वेगळ्या बजेटचा.

आणि काहीही बदललंत, अगदी चाकंसुद्धा, तरी इन्शुरन्स कंपनीला कळवा. न कळवता क्लेम केलात तर तो नाकारायला त्यांना निमित्त मिळतं.

म्हणजे क्रम असा : आज हवा आणि टायरची तारीख. या रविवारी एमओटीचा इतिहास, पन्हाळीतलं पाणी आणि चासिसची ठोकाठोकी. गंज नसेल तर पुढे ब्रेकच्या पिना, तेलं, नवे टायर, गरज असली तर शॉकअप, मग आठ बोल्ट मोकळे करून चारी चाकांची अलाइनमेंट. टायर, तेलं, बेल्ट, अलाइनमेंट एवढ्यात तुमच्या पंधराशेपैकी साधारण निम्मे जातील. उरलेले लगेच उडवू नका. तशीच दोन महिने चालवा, ओल्यात, कोरड्यात, रात्री. तुमच्या यादीतल्या किमान दोन वस्तू तोवर तुम्हीच खोडाल असा माझा अंदाज आहे.

हाताने उष्णता बघायची चाचणी केलीत की कुठलं चाक गरम लागलं ते कळवा. डावं पुढचं असेल तर पिना आणि ब्रेकची रबरी नळी (होज) या दोन्हींत नेमका दोष कुठे, ते कसं ओळखायचं हे मग सांगतो.